घरातले हात आणि बाळाचे वजन

मूल या महिन्यात किती वाढले, हे अंगणवाडीतला वजनकाटा सांगतो. ते का वाढले नाही, हे मात्र काट्यावर दिसत नाही. त्यासाठी घर पाहावे लागते. आईचे लग्न कोणत्या वयात झाले, पाणी किती लांबून येते, बाप रोज घरी असतो की महिन्यातून एकदा येतो, आजी धडधाकट आहे का, सावकाराचे किती देणे आहे, या सगळ्याची बेरीज मुलाच्या वजनात, उंचीत, बोलण्यात आणि पुढे शाळेतल्या हजेरीत उतरते.

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले नरडाणा हे गाव अशी नाना तऱ्हेची घरे जवळजवळ दाखवते. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, सुरत-भुसावळ लोहमार्गावर गावाचे स्टेशन आहे, शेजारी एमआयडीसी आहे आणि भोवताली कापूस, ज्वारी, बाजरीची शेती. त्यामुळे एक घर कोरडवाहू शेतीवर, दुसरे कारखान्याच्या पाळीवर, तर तिसरे सुरतेहून येणाऱ्या पैशांवर चालते. सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशातल्या माणसांची मोठी वस्ती आहे, आणि बाप तिकडे व बायको-मुले गावी, अशी घरे खानदेशात नवलाची नाहीत. चौथे घर दिवाळीनंतर कुलूप लावून ऊसतोडीला जाते. चारही घरांतली बाळे जन्मतात त्याच सरकारी दवाखान्यांत आणि लसही तीच घेतात. तरीही दोन वर्षांनी त्यांच्या वाढीत फरक पडलेला असतो. याचे कारण पैशात आहेच. पण तान्ह्या मुलापुरते पाहिले तर पैशाच्या टंचाईआधी वेळेची आणि मोकळ्या हातांची टंचाई जाणवते, आणि योजना आखताना नेमकी तीच सुटून जाते.

हा हिशेब बाळ जन्माला येण्याआधीच सुरू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या आसपास. ज्या स्त्रियांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा होती त्यांची बाळे तुलनेने मोठी भरली. ज्यांच्या वाट्याला गरोदरपणातही शेतीचे, पाणी आणण्याचे जड काम अधिक होते त्यांची बाळे लहान भरली. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतका बोलला जात नाही. गरोदर बाईला ‘चांगलं खा’ असे सगळेच सांगतात. तिच्या डोक्यावरचा हंडा कोण घेईल, हे क्वचितच कोणी ठरवते. सासू, नणंद, नवरा यांच्यापैकी कोणी दोन खेपा वाचवल्या, तर त्याचा उपयोग औषधाच्या गोळीइतकाच खरा असतो.

आईचे वय हा दुसरा धागा, आणि धुळे जिल्ह्यात तो फार दुखरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले होते. धुळे जिल्ह्यात हे प्रमाण ४०.५ टक्के होते. सोळा-सतराव्या वर्षी मुलीचे स्वतःचे शरीरच अजून वाढत असते. त्यातच गर्भ राहिला की लोह, कॅल्शियम, प्रथिने यांत दोघांची वाटणी होते. बाळ अडीच किलोहून कमी भरण्याचा आणि वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो. कोवळ्या आईचा दुसरा तोटा घरातल्या तिच्या जागेचा आहे. सासरी ती सर्वांत धाकटी असते. जेवायला शेवटी बसते आणि बाळाला ताप आला तर दवाखान्यात न्यायचे की नाही, हे ती ठरवू शकत नाही. लग्न लवकर का होते, याचे कारणही पुन्हा घरातच आहे. गावात दहावीनंतर शाळा नसणे, आईबाप कामावर गेल्यावर वयात आलेली पोर घरी एकटी राहण्याची धास्ती, हुंडा वाढत जाईल ही भीती, एकाच मांडवात दोन बहिणींची लग्ने उरकण्याची काटकसर. २००६ च्या कायद्याने बालविवाह गुन्हा ठरवला आहे, खेड्यात तो रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर टाकली आहे आणि १०९८ या क्रमांकावर कळवण्याची सोय आहे. लग्न थांबवल्यावर त्या मुलीच्या एसटीच्या पासची आणि वसतिगृहाची सोय झाली नाही, तर तिथी फक्त पुढे जाते.

जन्मानंतरचा सवा महिना खानदेशातल्या घराने पूर्वीपासून राखला आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेर, डिंकाचे नि मेथीचे लाडू, अंग शेकणे, कामाला हात लावू न देणे. या रिवाजात शास्त्रशुद्ध नसलेल्या गोष्टी आहेत. पहिला चीक पिळून टाकणे आणि तान्ह्याला मध किंवा गुटी चाटवणे या त्यांतल्या घातक. पण बाळंतिणीला काही आठवडे विश्रांतीचा हक्क देणारी ही व्यवस्था मोलाची आहे. ज्या घरात माहेर लांब, आई हयात नाही किंवा माहेरच मजुरीला गेलेले, तिथे बाळंतीण पंधराव्या दिवशी चुलीपाशी दिसते आणि दूध कमी पडल्याची तक्रार सुरू होते.

खरी कसोटी सहाव्या महिन्यानंतर लागते. तोपर्यंत आईचे दूध पुरते. पुढे वरचे अन्न हवे. बाळाचे पोट लहान, भूक मात्र मोठी. म्हणून थोडे थोडे, मऊ, पण घट्ट अन्न दिवसातून तीन-चार वेळा भरवावे लागते, आणि एकेका वेळेला अर्धा तास सहज जातो. नरडाण्याच्या पंचक्रोशीत हेच महिने कापूस वेचणीचे असले तर काय होते, याचा हिशेब सोपा आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बाई सकाळी भाकरी बांधून निघते ती दिवस कलल्यावर परतते. मागे बाळ आजीजवळ किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. बहीण त्याला कडेवर घेते, खेळवते, पण वाटीतले सगळे संपेपर्यंत भरवत बसणे तिला जमत नाही. रडले की बिस्किटाचा पुडा फोडणे सोपे. घरात दादर ज्वारी असते, उडीद-मूग असतो, शेंगदाणे असतात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भाजी रोज होते. धान्य असलेल्या घरातले मूल वाळते तेव्हा लोक दृष्ट लागली म्हणतात. प्रत्यक्षात त्या मुलाला दुपारी कोणी भरवलेलेच नसते. त्यात ‘वरणाचे पाणी’ हा समज भर घालतो. वरच्या पाण्याने पोट भरते, पण ताकद खालच्या डाळीत राहते. तीच डाळ भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप घालून दिली, तर खर्च फारसा न वाढता घासाचे बळ कितीतरी वाढते.

याचा एकत्रित परिणाम आकड्यांत दिसतो. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती, आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने लुकडी होती. लुकड्या मुलांची देशाची सरासरी १९.३ टक्के होती, आणि तरी हे राज्य श्रीमंत समजले जाते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या ६८.९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. अंगणवाडीसेविका दंडाचा घेर मोजते ती पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल असते. त्या लाल भागातले मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. त्याला साध्या जुलाबानेही मरण येऊ शकते. साडेबारापर्यंतचे ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित. उंची खुंटण्याचे बहुतेक नुकसान गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत होते आणि नंतर ते पुरते भरून येत नाही. म्हणून पहिलीत आल्यावर सुरू होणारे शालेय जेवण, त्याची गरज कितीही असली, तरी या नुकसानीला उशिरा पोचते.

अन्न पोटात गेले तरी अंगी लागेलच असे नाही. अवर्षणप्रवण शिंदखेडा तालुक्यात उन्हाळ्यात पाणी साठवून वापरावे लागते. टाकी उघडी, तांब्या त्यातच बुडवलेला, हात धुण्यात काटकसर. रांगते मूल अंगणातली माती आणि कोंबड्यांची विष्ठा हाताने तोंडात नेते. वारंवारच्या जंतुसंसर्गाने आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले शोषले जात नाही. जुलाब दिसत नसले तरी हे चालू राहते. जुलाब झालेच तर ओआरएस आणि चौदा दिवस झिंकची गोळी हा उपाय स्वस्त आणि हाताशी आहे. तरी जुलाबात मुलाचे खाणे बंद करण्याची चाल अजून मोडलेली नाही. चुलीच्या धुराचेही असेच. गॅस आलेल्या घरातही सिलिंडर महाग झाले की तुरीच्या नि कापसाच्या काड्या पुन्हा पेटतात, आणि आईच्या मांडीवरचे मूल त्याच धुरात बसते. श्वसनाचा संसर्ग वाढतो.

चौथ्या घराकडे, ऊसतोडीला जाणाऱ्या घराकडे, अधिक थांबून पाहायला हवे. दक्षिण गुजरातमधल्या बारडोली परिसरातले सहकारी साखर कारखाने अनेक दशकांपासून खानदेशातल्या मजुरांवर चालत आले आहेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकातच या मजुरांचे जिणे तपशीलवार नोंदवले. कारखान्याचा हिशेब माणसावर नसतो, ‘कोयत्या’वर असतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यात, म्हणजे घरात दाणा नसताना, उचल देतो आणि ती फेडण्यासाठी जोडी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत फडात राबते. या व्यवस्थेत मूल कोणत्याच हिशेबात नसते. पहाटे अंधारात तोड सुरू होते. बाळ साडीच्या झोळीत किंवा पाचटावर निजवलेले. थोडे मोठे मूल त्याला सांभाळते. पालात वीज नाही, शौचालय नाही, पाणी शेताच्या मोटरीचे. कुटुंब गावाच्या यादीतून निघते, पण फडाजवळच्या अंगणवाडीच्या यादीत जात नाही. लस चुकते, वजन होत नाही, गरोदर बाईची तपासणी राहते. मोठ्या मुलाची शाळा दिवाळीनंतर सुटते ती सुटतेच.

यावर उपाय शोधले गेले आहेत आणि त्यांतले काही चांगले आहेत. शाळेच्या वयाच्या मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे, कारखान्यांजवळ साखरशाळा, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड. स्थलांतरित गरोदर माता आणि बालके कुठे गेली याचा माग ठेवण्यासाठी महाराष्ट्राने ‘महा-एमटीएस’ ही संगणकीय नोंदव्यवस्था नंदुरबारसह काही जिल्ह्यांत सुरू केली. पण हंगामी वसतिगृहात सहा वर्षांचे मूल राहू शकते, दीड वर्षाचे नाही. ते आईबरोबरच जाणार. त्यामुळे त्याची सोय फडातच व्हायला हवी, आणि ती करण्याची जबाबदारी ऊस ज्याच्या गव्हाणीत पडतो त्या कारखान्याची आहे. राज्याच्या सीमेचे कारण त्याला पुरेसे नाही.

वाढ म्हणजे वजन आणि उंची एवढेच नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूचे आकारमान प्रौढाच्या सुमारे चार पंचमांश झालेले असते, आणि या काळात मेंदूला अन्नाइतकीच बोलण्याची, खेळण्याची गरज असते. जमैकातल्या किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८० च्या दशकात नऊ ते चोवीस महिन्यांच्या १२९ खुरटलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही घरांत आरोग्यसेविका दोन वर्षे आठवड्यातून एकदा, तासभर जाई. टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला मुलाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते दाखवी. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली. यात महाग असे काहीच नव्हते. खानदेशातल्या आजीजवळ उखाणे, अंगाईच्या ओव्या, बोटांचे खेळ, चिमणी-कावळ्याच्या गोष्टी आहेत, आणि त्या तिथल्या अहिराणी बोलीत आहेत. घरी ‘शे’ आणि ‘माले’ ऐकून वाढलेले मूल शाळेत ‘आहे’ आणि ‘मला’ ऐकते तेव्हा काही दिवस गप्प होते. बाई त्याला मठ्ठ समजल्या की नुकसान सुरू. आणि अहिराणी गावंढळ म्हणून आईबापांनी मुलाशी तुटक प्रमाण मराठीत किंवा चार इंग्रजी शब्दांत बोलायचे ठरवले, तर नुकसान आणखी मोठे. कारण मुलाला लागते ती भरपूर, ओघवती बोली, आणि ती माणूस आपल्याच भाषेत देऊ शकतो.

एमआयडीसीत पाळी करणाऱ्या किंवा सुरतेहून नियमित पैसा येणाऱ्या घरात अडचण वेगळी. तिथे हातात पैसा आहे, पण बाप रात्रपाळीहून येऊन झोपलेला किंवा घरीच नाही. मूल शांत राहावे म्हणून मोबाइल दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक वर्षाखालच्या मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभरापेक्षा अधिक नको. मोबाइलसमोर भरवलेले मूल पोट भरल्याची खूण ओळखायला शिकत नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसले होते की आपली बाळे जन्मतः बारीक असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. अशा बाळाला पुढे कुरकुरे, वेफर आणि गोड पेये मिळाली की ते थोड्याच वर्षांत मधुमेहाच्या वाटेला लागते. आजोबा उपाशी राहून खंगले आणि नातू पुडे खाऊन आजारी पडला, हे एकाच घरात घडू शकते.

घरातल्या ताणाचे परिणाम मोजायला कठीण, पण ते शरीरात उतरतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हजारो प्रौढांच्या बालपणाची माहिती घेऊन १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की मारहाण, घरातले व्यसन, आईला होणारी मारझोड अशा चार किंवा अधिक गोष्टी सोसलेल्यांत दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त होते. सतत धास्तीत असलेल्या मुलाचे शरीर सतत पळण्याच्या तयारीत राहते; झोप, पचन, लक्ष लागणे सगळे बिघडते. कापसाचा भाव पडला, बोंडअळी आली की खानदेशातल्या घरात कोणते बोलणे चालते हे मुलांना शब्दन् शब्द कळते. कर्जापायी बाप गेला तर आई एका दिवसात एकटी कमावती होते आणि मुलाच्या वाटेचे तिचे तास आणखी घटतात. अशा एकपालक मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तीत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. शाळेतल्या शिक्षकाने अर्ज भरून दिला तर ती पोचते. विधवा बाईने कामाचे दिवस मोडून जिल्ह्याच्या कार्यालयात खेटे घालायचे म्हटले तर बहुधा नाही.

मुलगी असणे हीदेखील घराची एक परिस्थितीच. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, राज्यात ८९४. जन्माला आलेल्या मुलीच्या वाट्याला पुढे दूध कमी, दवाखाना उशिरा आणि धाकट्या भावाला कडेवर घेण्याचे काम लवकर येते. वर ज्या सात-आठ वर्षांच्या बहिणीचा उल्लेख आला, तिची शाळा त्या बाळासाठीच बुडत असते.

महाराष्ट्रात ज्यांनी या प्रश्नावर नेमके बोट ठेवले त्यांनी मुलाला केंद्रावर बोलावण्याऐवजी सेवा घराकडे नेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले. आज नरडाण्यातली आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते ती पद्धत त्या कामातून देशभर गेली. त्याच्याही कितीतरी आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला त्यांनी आदिवासी पाड्यांच्या अंगणातच बालवाडी भरवली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द तिथला. मुलाच्या घराचे कामाचे तास हे न बदलणारे वास्तव धरून शाळेचे तास त्यांनी बदलले.

आजची अंगणवाडी मात्र दुपारपर्यंत मिटते आणि वेचणी संध्याकाळपर्यंत चालते. मधले चार-पाच तास कोणाचेच नाहीत. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच दिवसभराचे पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. तीसपेक्षा अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघर असावे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितले होते. शेतमजूर बाईला तो कायदा लागत नव्हता. तिच्या कामाच्या सर्वांत जवळ पोचलेली तरतूद रोजगार हमीची होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यात असे लिहिले गेले की कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्या मजूर स्त्रियांपैकीच एकीला फावडे-घमेल्यापासून मोकळे करायचे, मुले तिच्याजवळ सावलीत ठेवायची आणि मुले सांभाळण्याच्या त्या दिवसाची तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची.